सहनांक चोपन्न

शस्त्र परवाना कार्यालयाचे निरीक्षक श्रीरंग पोतनीस यांनी तोफेच्या पाठीवर छोट्या हातोडीनं एकच टोला दिला. वैजयंता चौगुलेच्या शिरोलीतल्या फौंड्रीत त्या वेळी बारा-पंधरा माणसं होती. सगळी हातातलं काम थांबवून ऐकत राहिली. मोठ्या घंटेचा लांबतो तसा तो आवाज लांबला, पातळ होत गेला आणि पत्र्याच्या छपराखाली कुठंतरी विरला.

तोफेच्या अंगावर आठ ठिकाणी चिकटवलेल्या चकत्यांचे दिवे हिरवे झाले. पोतनीसांच्या हातातल्या पडद्यावर आकडा उमटला. एक्क्याण्णव.

"शंभरातले एक्क्याण्णव!" तातोबा म्हणाला. तातोबा हा वैजयंताचा मुख्य साचेकार. तीस वर्षं साच्याच्या मातीत हात घातलेला माणूस. "आमच्या पोरीला बारावीलाबी एवढे पडले न्हाईत, सायेब."

पोतनीस हसले नाहीत. त्यांनी पिशवीतून लाल फीत काढली आणि तोफेच्या तोंडाभोवती गुंडाळायला सुरुवात केली.

"हे काय करताय?" वैजयंतानं विचारलं.

"मॅडम, साठाच्या वर आकडा गेला की नियमानुसार ते शस्त्र. विनापरवाना तोफ बनवली म्हणून जप्त करावी लागेल."

"मग परवाना द्या. चार महिने अर्ज तुमच्याकडे पडून आहे."

"तोफेचा परवाना खासगी माणसाला मिळत नाही. संस्थेलाही नाही."

"अहो, ही काय लढाईची तोफ आहे? भैरवकड्याच्या गडावर दसऱ्याला मानवंदनेचे चार बार. गोळा नाही, दगड नाही. नुसती काळी दारू आणि वर कागदाचा बोळा. दारूचा परवाना गोलंदाजाकडे आहे, त्याच्या आज्यापासून आहे. अर्जात सगळं लिहिलंय."

"वाचलंय मी. पण फॉर्मात रकाने दोनच आहेत. शस्त्र, नाहीतर शोभेची वस्तू. मानवंदना असा रकाना नाही."

"मग घाला एक."

"मी कोण घालणार?" पोतनीस फितीला गाठ मारता मारता थांबले. माणूस वाईट नव्हता. त्यांनी आवाज उतरवला. "तुम्हाला म्हणून सांगतो. आकडा साठाच्या आत आणा. मी स्वतः प्रमाणपत्र घेऊन येतो."

"आकडा खाली आणायचा म्हणजे? वाईट ओतू?"

"मी तसं म्हणालो नाही," पोतनीस म्हणाले आणि त्यांनी सही करायला वही पुढं केली.

दुपारी क्रेन आली आणि वैजयंतानं आयुष्यात ओतलेलं सगळ्यात निर्दोष कांस्य उचलून कार्यालयाच्या आवारात, जप्त केलेल्या दुचाक्यांच्या रांगेत नेऊन ठेवलं गेलं.

हा आकडा, ज्याला सगळे 'सहनांक' म्हणत, शोधून काढला होता वैजयंताच्याच भावानं. डॉ. अभिनंदन चौगुले. तिच्याहून सहा वर्षांनी लहान.

वडिलांच्या वेळी याच कारखान्यात एक गतिचक्र फिरता फिरता फुटलं होतं. वरून तुळतुळीत दिसणाऱ्या त्या चक्राच्या पोटात ओततानाच एक पोकळी राहिली होती. कुणाला दिसली नाही. एक कामगार जागच्या जागी गेला. अभिनंदन तेव्हा दहावीत होता. त्यानं ते सगळं पाहिलं आणि धातूच्या पोटात काय आहे हे माणसाला कळायलाच हवं, हे त्याच्या डोक्यात जे बसलं ते बसलंच.

त्याचं यंत्र समजायला सोपं होतं. बाजारात माठ घेताना आपण टिचकी मारतो. चांगला माठ खणखणीत वाजतो, तडा गेलेला बद्द वाजतो. प्रत्येक घडीव, ओतीव वस्तूला तिचे स्वतःचे सूर असतात. आकार, जाडी आणि धातू माहीत असले तर ते सूर आधीच गणितानं काढता येतात. पोटात पोकळी असेल, चीर असेल, तर कंपनं तिथं अडतात, वळसा घालतात, लवकर विझतात. माणसाच्या कानाला हा फरक ठळक असेल तरच कळतो. अभिनंदनच्या आठ चकत्यांना तिळाएवढी पोकळीही कळत असे, आणि ती कुठं आहे हेही. मग यंत्र हिशेब मांडून सांगे की ही वस्तू आतून किती दाब सोसेल. शून्य ते शंभर. तोच सहनांक.

पुलांच्या बेअरिंगना, रुग्णालयांतल्या ऑक्सिजनच्या टाक्यांना, जत्रेतल्या पाळण्यांच्या आसांना ते यंत्र लागलं आणि कितीतरी माणसं आपण वाचलो हे न कळताच वाचली. अभिनंदनला राष्ट्रीय सन्मान मिळाला.

मग तोफांचं वेड आलं. गावोगावच्या मंडळांना दाराशी प्रतिकृती तोफ हवी झाली. कुणी जाड पाइपाला बूड जोडून घेतलं, कुणी परराज्यातून मागवली. एका गावात दोन मिरवणुकांच्या भांडणात अशा तोफेतून खडी उडवली गेली आणि दोघांचा जीव गेला. गदारोळ झाला. सरकारला कायदा हवा होता, तोही अधिवेशन संपायच्या आत. प्रतिकृती कोणती आणि खरी तोफ कोणती, हे ठरवायला काहीतरी मोजमाप पाहिजे. कुणीतरी म्हणालं, सहनांक आहे की! ज्या तोफेला बार सोसतो ती खरी, सोसत नाही ती खोटी. साठाची रेघ ओढली गेली. अभिनंदन त्या समितीचा तांत्रिक सल्लागार होता.

तोफ जप्त झाली त्याच संध्याकाळी वैजयंतानं त्याला पुण्याला फोन लावला.

"अभि, तुझ्या यंत्रानं आज माझ्या कामाला शाबासकी दिली आणि त्याबद्दल मला गुन्हेगार ठरवलं."

"अक्का, मला कळलं. पोतनीसांचा अहवाल आला."

"तू साठाच्या खालची वस्तू सुरक्षित आहे असं त्या कायद्यात लिहू कसं दिलंस?"

"सुरक्षित असं लिहिलेलं नाही. 'शस्त्र नाही' असं लिहिलंय."

"आणि लोक काय वाचतात?"

तो म्हणाला, "मी बैठकीत बोललो होतो. टिपणात आलंय माझं मत."

"टिपणात!" वैजयंता म्हणाली आणि तिनं फोन ठेवला.

भैरवकड्याच्या उत्सव समितीचे अध्यक्ष भाऊसाहेब सरनोबत आठवड्यानं कारखान्यात आले. गडावरची मूळ तोफ तीनशे वर्षांची. तिला चीर सापडली म्हणून पुरातत्त्व खात्यानं ती काचेआड ठेवली, तेव्हापासून दोन दसरे गड मुका होता.

"ताई, आम्हाला बार नको," भाऊसाहेब म्हणाले. "नुसती तोफ उभी करू. आवाज भोंग्यातून, धूर यंत्रातून. आता सगळीकडे तसंच चाललंय. पण बुरुजावर तोफ पाहिजे हो. रिकामा बुरूज बघवत नाही."

"लिहून द्याल?"

"स्टॅंपवर देतो. उडवणार नाही, दुसऱ्याला विकणार नाही, बत्तीचं छिद्र उघडणार नाही. खरेदीच्या फॉर्मात ते सगळं आहेच."

वैजयंतानं आठ दिवस विचार केला. ती एकावन्न वर्षांची होती. लग्न केलं नव्हतं. वडील गेल्यावर हा कारखाना तिनं एकटीनं चालवला होता आणि 'चौगुल्यांचं ओतीव' या शब्दांना कोल्हापुरात वजन होतं. खराब माल बाहेर जाऊ न देणं एवढाच तिचा धर्म होता. पण बुरूज रिकामा राहणं तिलाही बघवत नव्हतं, आणि शेवटी ती नुसती शोभेची वस्तू असणार होती.

तिनं पुन्हा पुण्याला फोन केला. या वेळी तिचा आवाज थकलेला होता.

"अभि, आकडा साठाच्या आत आणायचाय. वरून काही दिसता कामा नये. कसं करू?"

पलीकडे कागद ओढल्याचा आवाज आला.

"मागच्या अंगाला, बुडाजवळ पोकळ्या ठेव," तो शेवटी म्हणाला. "किती आणि कुठं ते मी काढून पाठवतो. तिथं ठेवल्या तर कमीत कमी पोकळ्यांत आकडा पडेल."

बुडाजवळ. जिथं बार पेटतो आणि दाब सगळ्यात जास्त असतो, तिथं. दोघांनाही ते कळत होतं. दोघंही ते बोलले नाहीत.

अभिनंदनचा आराखडा आला. त्याच्या बारीक, उजवीकडे झुकलेल्या अक्षरातला. तातोबानं तो पाहिला आणि साच्याजवळून उठला.

"ताई, ह्या मातीच्या गोळ्या आत कशापायी ठेवायच्या? रस वतल्यावर तितं भोकं ऱ्हातील."

"राहू देत."

"मुद्दाम?"

"शोभेची तोफ आहे, तातोबा. उडवायची नाही."

तातोबानं गोळ्या ठेवल्या. पण ओतायच्या दिवशी तो कामावर आला नाही. नोकरी लागल्यापासून पहिल्यांदाच.

पोतनीस आले, टोला मारला. आवाज वाजला न वाजला आणि बसला. आकडा चोपन्न. त्यांनी आनंदानं हात पुढं केला आणि प्रमाणपत्र दिलं. हिरवा कागद, वर राजमुद्रा, खाली ठळक अक्षरांत 'नियमानुसार प्रमाणित'. वैजयंतानं बत्तीच्या छिद्रात स्वतः पितळी खुंटी ठोकली आणि बुडावर अक्षरं कोरून घेतली : उडवू नये. तोफेच्या कडेवर, प्रथेप्रमाणे, कारखान्याचं नाव होतं. चौगुले, शिरोली.

दसऱ्याच्या सकाळी भैरवकड्यावर पाच हजार माणूस होतं. वैजयंता पाहुण्यांच्या मांडवात दुसऱ्या रांगेत बसली होती. हलगी कडकडत होती. कुठूनतरी मोठे पाहुणे येणार म्हणून कार्यक्रम तासभर लांबला, मग ते आले, मग भाषणं झाली. भाऊसाहेब माइकवर म्हणाले, "दोन वर्षांनंतर आज गड बोलणार आहे. आणि मंडळी, भोंग्यातून नाही!"

लोकांनी टाळ्या वाजवल्या. वैजयंताला क्षणभर शब्दांचा अर्थच लागला नाही.

मग तिला बुरुजावर बाबालाल जमादार दिसला. बासष्ट वर्षांचा, डोक्याला भगवा फेटा, अंगात पांढरा सदरा. भैरवकड्याची बत्ती त्याच्या घरात सात पिढ्या होती. ती लहान असताना वडिलांबरोबर गडावर यायची तेव्हा हाच बाबालाल तिला कानांवर हात ठेवायला सांगायचा. त्याच्या हातात आता काठी होती आणि काठीच्या टोकाला धुमसता काकडा.

वैजयंता उठली. खुर्च्या सारत, माणसांना ढकलत ती पुढं धावली. "थांबवा! चाचा, थांबा! ती फुटेल!" हलगीच्या आवाजात तिचा आवाज शेजारच्या माणसालाही गेला नाही. एका स्वयंसेवकानं तिला दोरीपाशी अडवलं. "मॅडम, पुढं जायचं नाही, सुरक्षेचा नियम आहे."

पहिला बार उडाला. डोंगर हादरला, पांढऱ्या धुराचा लोट बुरुजावरून खाली आला, आणि लोक ओरडले, नाचले. तोफ जागेवर होती. दोरीवर पोट टेकून वैजयंता ओरडतच राहिली. बाबालालनं नळी पुसली, दारू भरली, कागदाचा बोळा दाबला. सगळं नीट, शांतपणे, आज्यानं शिकवलं तसं.

दुसऱ्या बाराला तोफेचं बूड फुटलं.

बाबालालचा उजवा हात मनगटापासून गेला. दोन्ही कानांनी ऐकू येईनासं झालं. समितीच्या एका कार्यकर्त्याच्या मांडीत धातूचा तुकडा घुसला, तो वाचला. दारू बंद नळीत पेटली की तिचा वायू होऊन हजारपट पसरू पाहतो. समोर फक्त कागदाचा बोळा असला तरी त्याला बाहेर पडायला निमिष लागतं, आणि त्या निमिषात बुडाला सगळं सोसावं लागतं. या बुडाला सोसवलं नाही, कारण ते सोसू नये म्हणूनच बनवलं होतं.

पितळी खुंटी ड्रिलनं काढली होती, ती भाऊसाहेबांच्या सांगण्यावरून. त्यांनी वरपर्यंत हात पोचवले आणि पोलीस चौकशीत त्यांचं नाव 'समितीतील अज्ञात व्यक्ती' असं लागलं. गुन्हा दाखल झाला तो बाबालालवर. प्रमाणित शोभेच्या वस्तूचा शस्त्र म्हणून वापर. दोषी ठरला तर तीन वर्षं.

पोतनीस स्वतः सांगायला आले. "तुम्ही काळजी करू नका, मॅडम. तुमचे कागद स्वच्छ आहेत. सूचना कोरलेली होती, खुंटी होती, आकडा नियमात होता. तुमच्यावर काहीच येत नाही."

"माणसाचा हात गेला, पोतनीस."

"वाईटच झालं. पण त्यानं नियम मोडला."

"तुमच्या कागदावर काय लिहिलंय? 'प्रमाणित'. त्याखाली राजमुद्रा. बासष्ट वर्षांच्या गोलंदाजानं त्यातून काय समजायचं? की सरकारनं प्रमाण दिलंय ही फुटेल म्हणून?" तिचा आवाज चढत गेला तशी भट्टीवरची माणसं वळून बघू लागली. "जी फुटणार नाही ती तुमच्या आवारात फितीत बांधून ठेवलीये. जी फुटणार तिला तुम्ही हात मिळवून कागद दिलात! हे मला कुणीतरी समजावून सांगा. अभ्यास करून, समिती बसवून, ठराव करून, तुम्ही लोकांनी धडधाकट तोफेला गुन्हा ठरवलं आणि मरतुकडीला परवानगी दिलीत."

"नियम मी केला नाही."

"नाही. तुम्ही नुसता हातोडीनं वाजवला."

अभिनंदन दुसऱ्या दिवशी आला. आल्या आल्या त्यानं दार लावून घेतलं.

"अक्का, तो आराखडा कुठाय?"

"आहे."

"जाळून टाक. चौकशी आयोग बसतोय, मी त्यात तज्ज्ञ म्हणून आहे. तू काही बोलली नाहीस तर पोकळ्या ओतकामातला साधा दोष म्हणून जातील. पन्नास-साठच्या मधल्या आकड्याला पोकळ्या असतातच."

"चाचांवरचा खटला?"

"वकील देऊ चांगला. सुटतील."

"हात?"

त्यानं डोळे मिटले. "तुला काय वाटतं, मला झोप लागते? पण आता बोलून काय होणार? माझं यंत्र बंद करतील. पूल, टाक्या, पाळणे, सगळं. त्यात किती माणसं जातील याचा विचार कर."

वैजयंता त्याच्याकडे पाहत राहिली. तो मनापासून बोलत होता हेच तिला सगळ्यात जास्त झोंबलं.

"तू जा आता," ती म्हणाली. "माझ्या तोंडून भलतंसलतं जाईल."

तिसऱ्या दिवशी ती रुग्णालयातून सुटून आलेल्या बाबालालच्या घरी गेली. त्याची बायको रशीदा दारातून बाजूला झाली, पण बस म्हणाली नाही. बाबालाल खाटेवर टेकून बसला होता. शेजारी मुलानं आणून दिलेला पडदा होता. समोरचा माणूस बोलला की त्यावर शब्द उमटत.

वैजयंता बोलली. आकड्याबद्दल, जप्तीबद्दल, मातीच्या गोळ्यांबद्दल. बुडाजवळच का ठेवल्या तेही. पडद्यावर ओळी सरकत राहिल्या. वाचता वाचता बाबालालचे ओठ हलत होते. 

मग तो बोलला. स्वतःचा आवाज ऐकू येत नसल्यामुळे फार मोठ्यानं.

"भाऊसाहेबांनी कागद दाखवला, त्यो मी बघितला न्हाई. मला वाचाय येतं, पर सरकारी कागदावर मी कवा इस्वास ठेवला न्हाई. बुडावरचं 'उडवू नये'बी सरकारीच समजलो. नव्या तोफंला पहिल्यांदा बत्ती देताना आमी भिंतीमागं ऱ्हातो. लांब काठी लावतो. आज्यानं शिकवलंय." त्यानं डावा हात उचलून तिच्याकडे बोट केलं. "कडंवर तुमचं नाव हुतं. म्हनून जवळ उभा ऱ्हायलो."

वैजयंतानं मान खाली घातली.

"रडू नगासा हितं," बाबालाल ओरडला. "हितं रडून काय करतासा? तिकडं जाऊन सांगा. हिकडं मग या."

आयोगाची सुनावणी कोल्हापुरात झाली. निवृत्त न्यायाधीश मालिनी तेरदाळकर अध्यक्ष होत्या. अभिनंदन त्यांच्या उजव्या हाताला, तज्ज्ञाच्या खुर्चीत. त्यानं वैजयंताकडे पाहिलं नाही.

"तुमच्यावर आरोप नाही," तेरदाळकर म्हणाल्या. "तरी तुम्ही स्वतःहून आलात?"

"हो. बाबालाल जमादारांनी गुन्हा केलेला नाही हे सांगायला. तोफ मी फुटेल अशी बनवली. चुकून नाही, ठरवून. चोपन्न हा आकडा पोकळ्यांशिवाय येत नाही. चांगली तोफ बनवली तर मला शिक्षा होते. वाईट बनवली तर प्रमाणपत्र मिळतं. मी वाईट बनवली. हा माझा गुन्हा. पण तुमच्या नियमानं राज्यातल्या प्रत्येक ओतकाम करणाऱ्याला हाच गुन्हा करायला सांगितलंय, आणि आजच्या तारखेला अशा हजाराच्या वर तोफा गावोगाव उभ्या आहेत. प्रत्येकीवर 'प्रमाणित' लिहिलंय. लोक त्या उडवणार. कारण ती तोफ आहे, आणि तोफ दिसली की माणसाला वाटतं ती उडते!"

"पोकळ्या कुठं ठेवायच्या हे तुम्हाला कसं कळलं?"

वैजयंतानं पिशवीत हात घातला. आराखडा होता. तिची बोटं त्याच्या घडीवर थांबली. मग तिनं हात रिकामाच बाहेर काढला.

"ते तज्ज्ञांना विचारा," ती म्हणाली. "त्यांना माझ्याहून जास्त कळतं."

तेरदाळकर वळल्या. "डॉक्टर चौगुले?"

अभिनंदन पाण्याच्या पेल्याकडे पाहत होता.  वैजयंताला वाटलं, तो काहीतरी तांत्रिक बोलेल, टक्केवारी सांगेल, आणि ते सगळ्यांना पटेल.

"मांडणी माझी आहे," तो म्हणाला. "मी काढून दिली. बुडाजवळ ठेवायलाही मीच सांगितलं." त्यानं गळ्यातलं ओळखपत्र काढून टेबलावर ठेवलं, खुर्चीतून उठला आणि साक्षीदारांच्या बाकावर बहिणीपासून एक जागा सोडून बसला.

बाबालालवरचा खटला मागे घेतला गेला. भाऊ-बहिणीवर एकेक दाखल झाला. वैजयंताचा ओतकामाचा परवाना गोठवला गेला, अभिनंदनची नोकरी गेली. यंत्र कुणी बंद केलं नाही. पूल आणि टाक्या पहिल्यासारख्याच तपासल्या जात राहिल्या.

आयोगानं चांगला अहवाल दिला. मानवंदनेच्या तोफेचा वेगळा वर्ग करावा, तिला कमीत कमी पंच्याऐंशी सहनांक सक्तीचा असावा, आणि साठाखालच्या सगळ्या तोफांची नळी बुजवावी, असं त्यात होतं. अहवाल मंत्रालयात गेला. दोन महिन्यांनी सुधारित अधिसूचना निघाली. भैरवकड्यासारखी दुर्घटना पुन्हा घडू नये म्हणून शोभेच्या तोफेची मर्यादा साठावरून चाळीसवर आणली होती.

अभिनंदननं ती तीनदा वाचली. "त्यांना वाटतंय," तो म्हणाला, "आणखी कच्ची केली की कुणी उडवायला धजणार नाही."

"त्यांना काही वाटत नाही," वैजयंता म्हणाली. "वाटत असतं तर असं लिहिलं नसतं."

त्या आठवड्यात ती बाबालालकडे पुन्हा गेली. या वेळी रशीदानं पाट सरकवला. वैजयंतानं अधिसूचना पडद्यावर दाखवली आणि आपल्याला काय करायचं आहे ते सांगितलं. बाबालालनं वाचलं, उठला, खुंटीवरचा फेटा काढला आणि रशीदापुढं धरला. एका हातानं तो बांधता येत नव्हता.

प्रमाणित तोफेत फेरफार करणं हा गुन्हा होता. हे वैजयंता, अभिनंदन आणि बाबालाल या तिघांनाही माहीत होतं. तातोबा टेम्पो चालवायला आला, कुणी बोलावलं नसताना. मागं सिमेंटची पोती, खडी, पाण्याची पिंपं आणि अभिनंदनच्या आठ चकत्या.

पहिल्या गावात सरपंचांनी हाकलून दिलं. दुसऱ्यात मंडळाच्या पोरांनी टेम्पोची हवा सोडली. तिसऱ्या गावात लोक ऐकायला थांबले. मग हळूहळू जमू लागलं. अभिनंदन टोला मारायचा आणि पोकळी नेमकी कुठं आहे ते खडूनं तोफेवर काढून दाखवायचा. वैजयंता ही कशी बनवतात ते सांगायची, काही न लपवता. आणि बाबालाल डाव्या हातानं घमेलं धरून नळीत सिमेंट ओतायचा. तो कमी बोलायचा, पण बोलला की चौकातल्या शेवटच्या माणसाला ऐकू जायचं.

कासारटेक नावाच्या गावात चावडीपुढच्या तोफेचा आकडा सदतीस निघाला. अभिनंदननं खडूनं तिच्या बुडावर सात गोल काढले. पोरं आधी हसली, मग वाकून बघू लागली. तरण्या मंडळींपैकी एकजण म्हणाला, "पण यात्रेला आम्ही हिला दोनदा उडवलीये. काय झालं नाही."

पडद्यावर ते वाक्य उमटलं. बाबालालनं वाचलं.

"माझा पहिला बारबी चांगलाच उडला हुता," तो म्हणाला.

 गर्दीतून रस्ता काढत कार्यालयाची गाडी आली. पोतनीस उतरले. हातात नोटीस होती. त्यांनी खडूचे सात गोल पाहिले, बाबालालचा मनगटाशी संपलेला हात पाहिला आणि तोफेपाशी थांबले.

"मॅडम, मला हे थांबवावं लागेल."

"थांबवा," वैजयंता म्हणाली. "सगळ्यांसमोर थांबवा. ही सदतीसची तोफ आहे, हिच्यावर तुमची सही आहे, आणि पुढच्या यात्रेला ही पोरं हिच्याशेजारी उभी राहणार आहेत. यांना सांगा मी काय चूक करतेय ते. मोठ्यानं सांगा, चाचांनाही वाचता येईल."

पोतनीसांनी पोरांकडे पाहिलं. नोटिशीचा कागद त्यांच्या हातातच राहिला.  बाबालालनं घमेलं उचललं आणि नळी भरायला सुरुवात केली. पोतनीस बघत उभे राहिले. सिमेंट नळीच्या तोंडाशी आलं तेव्हा गर्दीतून एक बाई पुढं आली. साडीचा पदर खोचलेला, हात पिठाचे.

"एवढ्यावर जाऊ नका," ती म्हणाली. "अजून एक आहे. शाळेच्या दारात."